रीस्टार्ट न करणाऱ्या बाई

आमच्या ऑफिसात "मला वाटतं" हे दोन शब्द उच्चारायला बंदी होती. ही बंदी मालकांनी नव्हे, बाईंनी घातली होती, त्यामुळे ती पाळली जायची. एखाद्याच्या तोंडून चुकून "मला वाटतं डेटाबेसचा प्रॉब्लेम असेल" असं निघालं की बाई मानही न वळवता म्हणायच्या, "चहा." मग त्या माणसानं दोन जिने उतरून खालच्या टपरीवरून सगळ्यांसाठी चहा आणायचा. मी नवी होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात इतक्या वेळा जिना उतरले, की टपरीवाल्यानं विचारलं, "ताई, तुम्हाला चहा आणायलाच ठेवलंय का?"

ऑफिस तळेगाव स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका प्लायवूडच्या दुकानाच्या वर. लोणावळ्यातली हॉटेलं, चिक्कीची दुकानं, तळेगावातल्या हाउसिंग सोसायट्या, दोन-तीन शाळा, पवनेच्या काठी तंबू लावून पाहुणे ठेवणारे शेतकरी, अशा शे-दोनशे लोकांच्या वेबसाइट आम्ही सांभाळायचो. त्या साइट ज्या मशीनवर असायच्या ते मशीन दूर दुसऱ्या शहरात होतं. आम्ही इथल्या स्क्रीनवरून त्याची नाडी बघायचो. सगळ्यांचं मिळून ते एकच मशीन. चाळीतल्या सार्वजनिक नळासारखं: एकानं तोटी उघडी टाकली की बाकीच्यांच्या बादलीत थेंब थेंब.

त्या मशीनच्या प्रोसेसरवर किती काम साचलंय याचा एक आकडा आमच्या स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात सतत दिसायचा. त्याला लोड म्हणतात. आमच्या मशीनला आठपर्यंत ठीक होतं. वीसच्या पुढे गेला की साइट रडतखडत उघडायच्या. चाळीसला उघडायच्याच नाहीत, आणि ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजायला लागायचे.

अशा वेळी जगातली बहुतेक माणसं मशीन रीस्टार्ट करतात. बाई करायच्या नाहीत. "रीस्टार्ट केलं की काय झालं होतं ते पण गेलं," त्या म्हणायच्या. "मग उद्या परत ये, परत रीस्टार्ट कर. आयुष्यभर हेच कर." लोडनं वीसचा आकडा ओलांडला की त्या खुर्ची पायानं मागे ढकलून उभ्या राहायच्या आणि आकडा खाली येईपर्यंत बसायच्या नाहीत. गुडघे दुखायचे त्यांचे, पण एकदा सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत मी त्यांना तसंच उभं पाहिलंय, एक हात टेबलावर टेकून, ओठांत पुटपुटत. काय पुटपुटायच्या ते मी एकदा कान देऊन ऐकलं. "बोल. काय होतंय तुला? बोल." असं त्या मशीनला विचारत होत्या.

साधा पंजाबी ड्रेस, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर वडिलांचं मोठं, चावीचं घड्याळ. रोज आल्या आल्या त्या ते घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी ताडून बघायच्या. फरक पडला तर आपलं घड्याळ दुरुस्त करायच्या आणि सर्व्हरला मान डोलावायच्या, चल, आज तू बरोबर.

वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत फिटर होते. बाई वाढल्या तिथल्याच क्वार्टरमध्ये. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकल्या, पंधरा वर्षं टेलिफोनच्या कामात काढली, ते काम सुटल्यावर चाळिशीच्या तोंडावर कॉम्प्युटर शिकल्या, तेही जवळजवळ एकट्यानं. लग्न केलं नाही. बेगडेवाडीला दोन खोल्यांत राहायच्या आणि लोकलनं यायच्या. वडिलांचं एकच त्या सांगायच्या. डेपोत संध्याकाळी हत्यारं मोजून परत द्यायची. एखादा पाना कमी भरला तर ज्याच्या हातून हरवला त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, माझ्याकडून हरवला. "का?" मी विचारलं होतं. "कारण तो पाना इंजिनात राहिला असेल तर?" बाई म्हणाल्या. "लाजेपायी कुणी गप्प बसला तर माणूस मरंल ना."

फोनवर त्या गिऱ्हाइकांनाही सोडायच्या नाहीत. कुणी म्हणालं, "मॅडम, साइट हँग झाली," की या म्हणायच्या, "हँग म्हणू नका. काय केलंत, काय दिसलं, किती वाजता?" लोणावळ्याचे एक हॉटेलवाले आधी या प्रश्नांना वैतागायचे. वर्षभरानं त्यांचा फोन यायचा तो असा: "मॅडम, दहा वाजून बारा मिनिटांनी फोटोंचं पान उघडलं, वीस सेकंद पांढरं दिसलं." बाई फोन ठेवून म्हणायच्या, "शिकला."

मला मात्र त्या जन्मभर लक्षात राहतील त्या एका ऑगस्टमुळे.

पवनेच्या काठच्या एका गावात एक आबा होते. चार तंबू, दोन खोल्या, जेवायला इंद्रायणीचा भात आणि पिठलं. शेती त्यांची, पण हा पाहुण्यांचा व्यवसाय उभा केला होता सुनेनं. मुलगा चाकणला कारखान्यात. साइट आम्हीच बनवून दिली होती. त्या ऑगस्टच्या सुरुवातीला सुनेनं फोन करून मागणी केली, कुठल्या दिवशी जागा रिकामी आहे ते लोकांना दिसलं पाहिजे. मी तिला कॅलेंडर बसवून दिलं. चालू महिना, खाली "पुढचा महिना" असं बटण. अर्ध्या दिवसाचं काम. दुसऱ्याच दिवसापासून बाई भाचीच्या लग्नासाठी तीन दिवस रजेवर गेल्या.

त्या दिवशी सकाळी अकराला लोड चढला. दहा, वीस, पस्तीस. फोन वाजायला लागले. मी यादी उघडली, कुठल्या खात्याचं काम सर्वात जास्त चाललंय ती. सगळ्यात वर आबांचं खातं. मालक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"कोण आहे?"

"पवनेचे तंबूवाले."

"बंद करून टाक. एकासाठी सगळे मरायला नकोत."

मी बंद केलं. पाच-सात मिनिटांत लोड तीनवर आला. मालक म्हणाले, "बघ, झालं," आणि केबिनमध्ये गेले. मलाही बरं वाटलं. बाई नसताना मी एक प्रॉब्लेम सोडवला होता. बंद केलेल्या साइटवर आपोआप एक पाटी झळकते, ती कुणी कधी वाचलीच नव्हती. तिच्यावर लिहिलेलं असायचं: गैरवापरामुळे हे खाते स्थगित करण्यात आले आहे.

बाई चौथ्या दिवशी आल्या. घड्याळ जुळवलं, मग मला विचारलं, "काय काय झालं?" मी जरा अभिमानानंच सांगितलं.

"का चढला होता?"

"त्यांच्या साइटमुळे. बंद केल्यावर उतरला ना."

"कुणालाही उठवलं तरी गर्दी कमीच होते. तोच भांडत होता हे कशावरून?"

तेवढ्यात दार ढकलून आबा आत आले. पांढरा शर्ट भिजलेला, हातात मोबाइल. त्यांनी तो बाईंच्या टेबलावर ठेवला. स्क्रीनवर ती पाटी होती.

"हे वाचा," ते म्हणाले. "आमी काय गैरवापर केला ते सांगा मला."

बाईंनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग आबांना खुर्ची दिली.

"तीन दिस झालं," आबा उभ्यानंच बोलत होते. "पंधरा ऑगस्टचं पावनं फोन करून इचारत्यात, तुमची जागा बंद झाली व्हय? ते जाऊ द्या, पावनं काय, येत्याल न्हाई तर न्हाई. पन कुनीतरी गावातल्या पोरानं ही पाटी बगितली. सकाळी डेअरीवर दूध घालाया गेलो तर मान्सं एकमेकांकडं बगत्यात. तंबूंत कायतरी वंगाळ चालत असंल, म्हनून सरकारनं बंद केली, असं म्हंत्यात. माझी सून दोन दिस दूध घालाया गेली न्हाई. तिनं उभं केलंय हे समदं. तिला काय वाटत असंल?"

मला तर जमीन फाटली तर बरं असं झालं.

"आबा, बसा," बाई म्हणाल्या. "तुमची साइट मी आता सुरू करते. आणि कशानं बंद पडली ते आज सांगते. तोवर इथंच बसायचं."

मालक केबिनमधून बाहेर आले. "बाई, सुरू केलीत तर परत लोड चढेल. बाकीच्यांचं काय?"

"चढला पाहिजे. चढतानाच कळेल."

"शाळेच्या साइटवर आज अॅडमिशनचे फॉर्म आहेत."

"मग शाळेला फोन करून सांगू, तासभर हळू चालेल. हॉटेलांनाही सांगू. बारापर्यंत मला द्या. बाराला नाही सापडलं तर तुम्ही म्हणाल ते करते."

मालकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा पन्नास. "बारा म्हणजे बारा," ते म्हणाले.

मी फोन करायला बसले. बाईंनी खातं सुरू केलं. लोड तीन. चार. आबा बाकावर बसून एकदा स्क्रीनकडे, एकदा बाईंकडे बघत होते. अकरा वाजले. दोन मिनिटांनी आकडा नऊ झाला. मग एकवीस. बाईंनी खुर्ची मागे ढकलली.

"बघा!" मालक म्हणाले.

"बघतेच आहे."

सव्वीस. फोन वाजायला लागले. मी एकीकडे फोन घेत होते, एकीकडे बाई काय करतात ते बघत होते. त्यांनी आबांच्या साइटची हजेरी उघडली, म्हणजे कोण आलं, कुठलं पान मागितलं, किती वाजता, याची मशीन स्वतःच ठेवतं ती नोंद. ओळी इतक्या वेगानं सरकत होत्या की डोळे दुखावेत. बाईंनी ती थांबवली आणि बोट ठेवून वाचायला लागल्या.

"ऑगस्ट, दोन हजार नऊशे सत्तेचाळीस."

"काय?" मालक म्हणाले.

"सन दोन हजार नऊशे सत्तेचाळीसच्या ऑगस्टमध्ये तंबू रिकामा आहे का, असं कुणीतरी विचारतंय. आता सप्टेंबर विचारतंय. ऑक्टोबर." त्या माझ्याकडे वळल्या. "कॅलेंडर तू बसवलंस?"

"हो."

"पुढचा महिना, पुढचा महिना, कुठपर्यंत जातं?"

मी विचारच केला नव्हता. ते कुठेच थांबत नव्हतं. माणूस दोन-चार महिने बघतो आणि सोडतो. पण माणसाऐवजी एखादा प्रोग्राम असेल आणि त्याला दिसेल ती लिंक उघडायची सवय असेल, तर तो जन्मभर पुढचा महिना दाबत बसणार होता. हा एका वेळी चाळीस-चाळीस पानं मागत होता, आणि प्रत्येक महिन्याचं पान मशीनला नव्यानं तयार करावं लागत होतं. आकडा एक्केचाळीस.

"म्हणजे बाहेरचा कुठला तरी बॉट," मालक म्हणाले. "परदेशातला असणार. पत्ता बघा आणि अडवा."

बाई पत्ताच बघत होत्या, म्हणजे पानं मागणारं मशीन कुठलं ते सांगणारे आकडे. बघता बघता थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून एकेक आकडा बोटानं वाचला.

"हा आपला पत्ता आहे," त्या म्हणाल्या.

"आपला म्हणजे?"

ऑफिसच्या कोपऱ्यात, कपाटाजवळ, एक जुनं मशीन होतं. गेल्या महिन्यात बाईंनी त्याच्यावर स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम लावला होता. रोज सकाळी अकराला त्यानं सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइटवरून एक फेरी मारायची आणि कुठली लिंक तुटली आहे का ते बघायचं. लोकांच्या आधी आपल्याला कळावं म्हणून. त्याचा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. बाई तिथवर चालत गेल्या, खाली वाकल्या आणि तो प्रोग्राम बंद केला.

आकडा उतरायला लागला. तीस. अठरा. अकरा वाजून छत्तीस मिनिटं झाली होती.

"तुझ्या कॅलेंडरला शेवट नाही," बाई मला म्हणाल्या, "पण ते लोकांसाठी होतं. माझ्या प्रोग्रामला ब्रेक नाही, आणि तो मी मोकाट सोडला. चूक माझी."

मालकांनी मोठा श्वास सोडला. "सापडलं ना, झालं तर. लोकांना सांगू की बाहेरून बॉटचा हल्ला झाला होता. हल्ली सगळ्यांकडे होतात."

"बाहेरून नाही झाला, सर. त्या कोपऱ्यातून झाला."

"ते कुणाला कळतंय?"

"यांना कळलंय," बाई म्हणाल्या, आणि आबांकडे वळल्या. "आबा, तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही. तुमच्या सुनेकडूनही नाही. माझ्याकडून चूक झाली. माफ करा."

आबा उठले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला ठावंच व्हतं आमचं काय चुकलं न्हाई. मला सांगून काय उपेग, बाई? तितं डेअरीवर सांगा की."

ते रागानं बोलले होते, नुसतं बोलायचं म्हणून. पण बाईंनी विचारलं, "डेअरी किती वाजता भरते?"

"सकाळी सा-साडेसाला. का?"

"उद्या येते."

दुपारी त्यांनी एकामागून एक कामं उरकली. माझ्या शेजारी उभं राहून माझ्याकडून कॅलेंडर दीड वर्षावर थांबवून घेतलं. एकदा तयार झालेलं पान तासभर तसंच राखून ठेवून तेच सगळ्यांना द्यायचं, अशी सोय केली, म्हणजे मशीनला दर वेळी नव्यानं रांधावं लागू नये. स्वतःच्या प्रोग्रामला एका वेळी एकच पान, मध्ये दोन सेकंद थांबणं आणि शंभर पानांनंतर पुरे, असे तीन लगाम लावले. त्या पाटीवरचा "गैरवापरामुळे" हा शब्द खोडून "तपासणीसाठी" केला, आणि नियम केला की इथून पुढे गिऱ्हाइकाला फोन केल्याशिवाय कुणाचंही खातं बंद होणार नाही. मग सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायचं पत्र लिहायला बसल्या. सहा ओळींचं. त्यात बॉट नव्हता, हल्ला नव्हता, स्वतःचं नाव होतं.

मालकांनी ते वाचलं. "हे पाठवलंत तर गिऱ्हाइकं जातील, बाई."

"जातील काही."

"आणि मी पाठवू नका म्हटलं तर?"

"तर मी उद्यापासून येणार नाही. ते पण लिहून ठेवलंय." आणि खरंच त्यांनी दुसरा कागद टेबलावर ठेवला. धमकीचा सूर नव्हता. चहात साखर किती ते सांगावं तसं सांगितलं.

मालक दोन्ही कागद घेऊन केबिनमध्ये गेले. पाऊण तासानं बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एकच कागद होता. "पाठवा," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता तो. घाबरलेला होता, आणि मीही होते.

दुसऱ्या दिवशी बाई पहिल्या लोकलनं कामशेतला उतरल्या. मी कामशेतची. मीच म्हटलं होतं, स्कूटरनं नेते. रस्ताभर धुकं, भाताची खाचरं काठोकाठ भरलेली. बाई मागे ताठ बसल्या होत्या. एकदाच बोलल्या, "हळू चालव. वेळेत पोहोचायचंय, मरायचं नाहीये."

डेअरी म्हणजे पत्र्याची एक खोली, आत वजनकाटा, बाहेर किटल्या घेऊन उभी असलेली पंचवीस-तीस माणसं. आबा आले होते. थोडं मागे डोक्यावर पदर घेऊन त्यांची सून उभी होती. आबांनी तिला आग्रह करून आणलं असावं. ती कुणाकडेच बघत नव्हती.

बाई पांढरे बूट चिखलात बुडवत सरळ मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या.

"नमस्कार. यांची साइट माझ्यामुळे बंद पडली," त्या म्हणाल्या. "कशी ते सांगते. मी एक प्रोग्राम केला होता. तो यांच्या दारात येऊन विचारायचा, पुढच्या महिन्यात जागा आहे का? उत्तर मिळालं की, त्याच्या पुढच्या? मग त्याच्या पुढच्या? असं विचारत विचारत तो नऊशे वर्षं पुढे गेला. बिचारं मशीन दमून पडलं. आम्ही नीट न बघता यांनाच दोषी धरलं आणि ती पाटी लावली. सरकारचा काही संबंध नाही. यांच्याकडे काही गैर चालत नव्हतं. चूक माझी आहे, म्हणून मी सांगायला आले."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "नऊशे वर्सं? तुमच्या मशीनला दुसरं काय काम न्हाई व्हय?"

हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "नव्हतं. आता दिलंय," त्या म्हणाल्या. मग ज्यांनी ज्यांनी साइट सुरू झाली का म्हणून विचारलं, त्या प्रत्येकाला मोबाइलवर उघडून दाखवली. माणसं तंबूंचे फोटो बघत होती, सुनेला विचारत होती, हे आपलंच आंब्याचं झाड का गं? ती मान हलवून हो म्हणत होती. तिची किटली काट्यावर गेली तेव्हा तिनं पदर खांद्यावर घेतला होता.

तिनं आम्हाला घरी नेलं. चहा दिला. बाई पुन्हा माफी मागायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, "माफी नगं, मॅडम. ते लोड का काय म्हंत्यात, ते तुमाला दिसतं, मला दिसत न्हाई. तुमी बंद करायच्या आधी मला कळाया पायजे. मला बगाया शिकवा."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना इतकं खूश मी आधीही कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. दोन तास बाई त्या ओसरीवर मांडी घालून बसल्या होत्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. आकडा कुठे बघायचा, हजेरी कशी उघडायची, माणूस कोणता आणि प्रोग्राम कोणता हे ओळी किती भराभर येतात त्यावरून कसं ओळखायचं. सून एका वहीत लिहून घेत होती. अडलं की थांबवत होती. "आसं न्हाई, परत सांगा."

त्या पत्रानंतर चार गिऱ्हाइकं गेली. बाकीची राहिली. शाळेच्या हेडमास्तरांनी बाईंना फोन करून पत्र मुलांना वाचून दाखवलं असं सांगितलं. बाईंनी शाळेच्या साइटवर एक तुटलेली लिंक आहे एवढंच सांगून फोन ठेवला.

डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीच्या आधी, एका सकाळी बाईंचा फोन वाजला. पलीकडे आबांची सून होती. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, लोड चढतोय. चवदा हाय."

आम्ही स्क्रीनकडे बघितलं. आकडा खरंच चौदा होता, आणि आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

"तुझ्या साइटचं आहे का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई. माझी हजेरी बगितली, तीनच जनं आल्याती, समदी मान्संच हायेत. दर पाच मिन्टांनी चढतो, मग जरा उतरतो, परत चढतो. तुमच्याकडंच दर पाच मिन्टाला कायतरी सुरू व्हतंय आन् आदीचं संपायच्या आत दुसरं येतंय."

मालक केबिनच्या दारात येऊन उभे राहिले होते. बाईंनी फोन माझ्यापुढे सरकवला आणि पेन्सिल हातात दिली.

"लिहून घे," त्या म्हणाल्या. "ती सांगते तसं."